फिअर स्ट्रीट कुठल्या क्रमाने वाचावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर. एल. स्टाइन यांची 'फिअर स्ट्रीट' ही किशोरवयीन वाचकांसाठीची भयकथांची मालिका १९८९ साली सुरू झाली. मूळ मालिकेत ५१ क्रमांकित पुस्तकं आहेत. त्याशिवाय तीन-तीन भागांच्या कथा, जाडजूड खास पुस्तकं, धाकट्या वाचकांसाठीची वेगळी मालिका, २०१४ नंतरचं पुनरागमन असं बरंच काही आहे. नवा वाचक यादी बघूनच गांगरतो आणि पुस्तक हातात घ्यायचं राहून जातं. म्हणून ही प्रश्नोत्तरं. कुठल्याही कथेतलं रहस्य इथे फोडलेलं नाही. कथेबद्दल जे सांगितलंय ते सुरुवातीच्या प्रसंगापुरतंच.

पहिल्या क्रमांकापासून ओळीने वाचायलाच हवं का?

नाही. मूळ मालिकेतली बहुतेक पुस्तकं स्वतंत्र आहेत. प्रत्येकात नवी मुलं, नवं संकट, आणि शेवटच्या पानापर्यंत त्या गोष्टीचा निकाल लागलेला. सगळ्यांत सारखी असते ती जागा: शॅडीसाइड नावाचं गाव, तिथली शॅडीसाइड हायस्कूल, आणि गावकरी ज्याचं नाव आवाज खाली आणून घेतात तो फिअर स्ट्रीट. चौदावं 'द नाइफ' आधी वाचलं आणि तिसरं 'द ओव्हरनाइट' नंतर, तरी काही बिघडत नाही.

पण 'कुठूनही वाचा' हे अर्धंच उत्तर झालं, आणि बरेच जण तिथेच थांबतात. मालिकेच्या पोटात दोन-दोन, तीन-तीन पुस्तकांच्या साखळ्या आहेत. त्या साखळीत क्रम मोडला की रहस्य फुटतंच. माझं म्हणणं एवढंच आहे: क्रमांक सोडा, साखळी धरा.

मग मुखपृष्ठावरच्या क्रमांकाला अर्थ काय?

पुस्तक कितवं प्रकाशित झालं, एवढाच. नव्या आवृत्त्यांवर तर बऱ्याचदा क्रमांक नसतोच.

सुरुवात कुठल्या पुस्तकाने करू?

मी बहुतेकांना 'द न्यू गर्ल' सांगते. ते पहिलं आहे म्हणून नाही, तर मालिकेची सगळी लक्षणं त्यात स्वच्छ दिसतात म्हणून. कोरी ब्रूक्स हा शाळेच्या जिम्नॅस्टिक्स संघातला मुलगा. वर्गात आलेली ॲना कॉर्विन ही फिकट, अबोल मुलगी त्याच्या डोक्यातून जात नाही. ती राहते फिअर स्ट्रीटवर. तिच्या घरी चौकशी करावी तर उत्तर मिळतं की ॲना तर मेली आहे. आता शाळेत दिसते ती कोण? साधी, रोजची शाळा, एक आकर्षण, आणि पायाखालची जमीन एकदम सरकते. ही मालिका तुम्हाला रुचेल की नाही, ते या एका पुस्तकात कळतं.

भुताखेतांपेक्षा गुन्ह्याचा थरार आवडत असेल तर 'द राँग नंबर' घ्या. मैत्रिणी गंमत म्हणून अनोळखी लोकांना फोन करत असतात. एकदा फोन लागतो फिअर स्ट्रीटवरच्या घरात, आणि पलीकडून जे ऐकू येतं त्यानंतर गंमत संपते. जंगल, तंबू, रात्र असं काही हवं असेल तर 'द ओव्हरनाइट': शाळेच्या क्लबातली मुलं शिक्षक सोबत नसताना फिअर बेटावर मुक्कामाला जातात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती कळली नाही तर पुष्कळ जण निराश होतात. या मालिकेतल्या अनेक पुस्तकांत भूत नसतंच. तिथे भीती माणसांची असते: मत्सर, गुपित, एखाद्याला गप्प करण्याची धडपड. 'द स्टेपसिस्टर'मध्ये सगळा ताण एका घरात नव्याने एकत्र आलेल्या मुलींमधला आहे. अस्सल भूतच हवं असेल तर 'द सिक्रेट बेडरूम' वाचा. माळ्यावरची फळ्या ठोकून बंद केलेली खोली, आणि आतून कुणीतरी असल्याची चाहूल. निवड करताना क्रमांकापेक्षा हा फरक कितीतरी उपयोगी पडतो.

कुठली पुस्तकं क्रमानेच वाचायला हवीत?

हाच खरा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

आधी मूळ ५१ मधल्या जोड्या बघू. 'द राँग नंबर' पाचवं आहे आणि त्याचा दुसरा भाग थेट सत्ताविसावा. 'द स्टेपसिस्टर' नववं, त्याचा दुसरा भाग तेहतिसावा. 'द बेस्ट फ्रेंड' सतरावं, दुसरा भाग पन्नासावा. 'फिअर हॉल' मात्र सलग आहे: सेहेचाळिसाव्यात सुरुवात, सत्तेचाळिसाव्यात शेवट, आणि तो एकाच गोष्टीचा दोन पुस्तकांत केलेला भाग आहे. पहिलं वाचून संपवलं आणि दुसरं हाताशी नसलं तर फार चुटपुट लागते. दोन्ही मिळाल्याशिवाय सुरू करू नका.

या जोड्यांत दुसरा भाग आधी वाचला तर नेमकं काय होतं? 'राँग नंबर २'मध्ये मागच्या घटनेचे पडसाद पहिल्या पानांपासून आहेत. म्हणजे पहिल्या पुस्तकाने दडवून ठेवलेलं नाव इथे ओघात उच्चारलं जातं. पहिलं नंतर वाचायला घेतलंत तर प्रत्येक संशयिताकडे बघताना तुम्हाला ठाऊक असतं की हा नव्हे. भयकथेतली अर्धी भीती 'हा असेल का?' या प्रश्नात असते. तो प्रश्नच गेला तर उरतो तो नुसता घटनाक्रम.

मग तीन भागांच्या कथा. '९९ फिअर स्ट्रीट: द हाउस ऑफ इव्हिल' १९९४ साली आलं. 'द फर्स्ट हॉरर', 'द सेकंड हॉरर', 'द थर्ड हॉरर' असे त्याचे भाग. एकच शापित घर. पहिल्यात कोडी आणि कॅली या जुळ्या बहिणींचं कुटुंब तिथे राहायला येतं. तिसऱ्यापर्यंत त्याच घरात चित्रपटाचं शूटिंग करायला माणसं येतात. क्रम नावातच आहे, त्यामुळे चुकायची भीती नाही. नव्या वाचकाला त्रयी कुठली घेऊ असं विचारलं तर मी हीच सुचवते: तिन्ही भाग घट्ट बांधलेले आहेत आणि घर प्रत्येक भागात वेगळं वागतं.

'द कॅटलुना क्रॉनिकल्स' (१९९५) ही शापित मोटारीची कथा. तिचे भाग 'द इव्हिल मून', 'द डार्क सीक्रेट', 'द डेडली फायर'. इथे नावांवरून क्रम कळत नाही, म्हणून लिहून ठेवा. 'फिअर पार्क' (१९९६) मध्ये 'द फर्स्ट स्क्रीम', 'द लाउडेस्ट स्क्रीम', 'द लास्ट स्क्रीम'. मधलं नाव फसवं आहे, ते दुसरं.

चीअरलीडर्सची पुस्तकं कुठल्या क्रमाने?

'द फर्स्ट इव्हिल', 'द सेकंड इव्हिल', 'द थर्ड इव्हिल'. तिन्ही १९९२ ची. कॉर्की आणि बॉबी या दोन बहिणी शॅडीसाइडच्या चीअरलीडर संघात येतात, आणि फिअर घराण्यातल्या साराच्या थडग्याशी जोडलेलं काहीतरी त्यांच्या मागे लागतं. क्रम मोडायचाच नाही अशी ही साखळी आहे. पहिल्या भागातला मोठा धक्का दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच गृहीत धरलेला असतो.

पुढे १९९४ मध्ये 'द न्यू इव्हिल' आलं आणि त्यानंतर 'द इव्हिल लिव्ह्ज!'. ही दोन्ही 'सुपर चिलर' या खास मालिकेत छापली गेली, त्यामुळे नुसती त्रयी बघणाऱ्याच्या नजरेतून सुटतात. सारा फिअरची मागची कथा 'द अवेकनिंग इव्हिल' मध्ये आहे. कालक्रमाने ती सगळ्यांत आधीची असली तरी वाचायची मात्र त्रयीनंतर. सारा कोण होती हे आधीच कळलं तर कॉर्कीच्या बाजूने घाबरता येत नाही.

'सेगा' त्रयी सगळ्यांत आधी वाचू का? इतिहास तर तिथूनच सुरू होतो.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि माझं मत पक्कं आहे: आधी नको. निदान चार-पाच सुटी पुस्तकं वाचून झाल्यावरच सेगाकडे वळा.

'द बिट्रेयल', 'द सीक्रेट', 'द बर्निंग' ही १९९३ मधली तीन पुस्तकं म्हणजे या रस्त्याच्या शापाची जन्मकथा. १९०० साली नोरा गूड नावाची तरुणी लिहायला बसते आणि दोन घराण्यांचं वैर सांगू लागते. कथा मागे जाते ती १६९२ मधल्या मॅसॅच्युसेट्सच्या एका खेड्यात. एका घराण्यातला एडवर्ड आणि दुसऱ्यातली सुझॅना गूड यांचं प्रेम, मग सुझॅनावर चेटकीण असल्याचा आरोप, आणि तिथून पिढ्यान्‌पिढ्या चालणारा सूड. एडवर्डच्या घराण्याचं आडनाव पुढे सायमन बदलून 'फिअर' असं करतो, शाप चुकवण्यासाठी. तोच सायमन फिअर, ज्याच्या नावाने रस्ता ओळखला जातो आणि ज्याच्या जळक्या वाड्याचे अवशेष बाकीच्या पुस्तकांत कुठेतरी उभे असतात.

आता विचार करा. सुट्या पुस्तकांत हा वाडा, ते जंगल, फिअर तलाव, त्यातलं बेट हे सगळं न सांगता-समजावता येतं. मुलं म्हणतात, तिकडे जाऊ नकोस. का, ते कुणालाच धड माहीत नसतं. जो तो ऐकीव गोष्टी सांगतो. ही अर्धवट माहितीच त्या पुस्तकांची ताकद आहे. सेगा आधी वाचलंत तर तुम्हाला सगळं ठाऊक असतं आणि पात्रांना काहीच नाही. मग तुम्ही त्यांच्यासोबत चालत नाही, वरून बघता. उलट, त्या रस्त्यावर चार-पाच वेळा जाऊन आल्यावर सेगा उघडलंत की प्रत्येक प्रकरणात ओळखीच्या जागा सापडतात. जंगलात पक्षी का नाहीत, वाडा कसा जळला, या प्रश्नांची उत्तरं तेव्हा हवीहवीशी झालेली असतात.

वाचताना एक कागद जवळ ठेवा आणि वंशावळ काढत जा. पिढ्या भराभर बदलतात, नावं पुष्कळ आहेत, आणि दोन्ही घराण्यांतलं कोण कुणाचं हे विसरलं की सूडाचा धागा निसटतो. तिन्ही भाग सलग वाचा. मध्ये दुसरं पुस्तक घेऊ नका.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी थोडं अवांतर: १६९२ हेच मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या चेटकीण खटल्यांचं वर्ष. तिथे दोषी ठरवलेल्या १९ जणांना फाशी दिलं गेलं, जाळलं कुणालाच नाही. स्टाइन यांनी कादंबरीत आग आणली आहे, आणि आग हा त्रयीचा कणा असल्याने कथेला ती हवीच होती. पण तो इतिहास समजू नये.

'सेगा' आणि 'सेगाज' एकच का?

नाही, आणि इथे हमखास घोटाळा होतो. 'फिअर स्ट्रीट सेगा' म्हणजे वरची त्रयी. 'फिअर स्ट्रीट सेगाज' ही १९९६ मध्ये सुरू झालेली वेगळी, क्रमांकित मालिका. तिचं पहिलं पुस्तक 'अ न्यू फिअर', आणि ते 'द बर्निंग'च्या पुढचं. त्यामुळे त्रयी, मग 'अ न्यू फिअर' एवढा क्रम पाळा. बाकीची सेगाज निरनिराळ्या काळातल्या स्वतंत्र कथा आहेत, मिळेल ती घ्या. माझ्या मते त्रयीची घट्ट वीण त्यांत नाही. जुन्या काळची भयकथा आवडत असेल तर मात्र चांगला वेळ जातो.

सुपर चिलर्स म्हणजे काय?

नेहमीपेक्षा मोठी, बहुधा सुट्टी किंवा सणाच्या पार्श्वभूमीवरची १३ पुस्तकं. पहिलं 'पार्टी समर' (१९९१). यातही साखळ्या आहेतच. 'सायलेंट नाइट'चे तीन भाग आहेत. रीवा डाल्बी ही मोठ्या दुकानाच्या मालकाची गर्विष्ठ मुलगी आणि नाताळचे दिवस. तिच्यात बदल होतो की नाही हे बघण्यात मजा आहे, म्हणून तिन्ही ओळीने. 'गुडनाइट किस'चे दोन भाग रक्तपिपासूंचे, आणि ते शॅडीसाइडमध्ये घडत नाहीत, समुद्रकाठच्या गावी घडतात. बाकीची सुटी.

'सीनियर्स' मालिका मधूनच उचलली तर चालेल का?

नाही चालणार. १९९८–९९ मधली ही १२ पुस्तकं 'लेट्स पार्टी!' पासून 'ग्रॅज्युएशन डे' पर्यंत शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या एकाच वर्गाचं वर्ष सांगतात. मुलं तीच, एकेक करून कमी होत जाणारी. कोण अजून आहे आणि कोण गेलं, हीच या मालिकेची गोष्ट. फिअर स्ट्रीटच्या पसाऱ्यात खऱ्या अर्थाने 'एक ते शेवट' वाचायची जर कुठली मालिका असेल तर ती ही.

'घोस्ट्स ऑफ फिअर स्ट्रीट' पण यातच धरायची का?

ती धाकट्या मुलांसाठी आहे. १९९५ पासून ३६ पुस्तकं आली. गाव तेच, पण रक्तपात नाही, भुतं आणि राक्षस जास्त. क्रमाची गरज नाही. घरात दोन वयाची मुलं असतील तर धाकट्याच्या हाती ही द्यायला सोयीची.

२०१४ नंतरची पुस्तकं वाचण्याआधी जुनी वाचावी लागतील का?

अजिबात नाही. 'पार्टी गेम्स' पासून सुरू झालेली नवी पुस्तकं नव्या वाचकासाठीच लिहिलेली आहेत. मोबाइल आहे, भाषा आजची आहे. 'पार्टी गेम्स'मध्ये फिअर बेट पुन्हा येतं, त्यामुळे 'द ओव्हरनाइट' आधी वाचलं असेल तर जागेची ओळख पटते, पण नसेल तरी अडत नाही. २०१८ मध्ये 'यू मे नाऊ किल द ब्राइड' ने 'रिटर्न टू फिअर स्ट्रीट' सुरू झालं. त्यातली पुस्तकंही सुटी आहेत. त्याआधी २००५ मध्ये 'फिअर स्ट्रीट नाइट्स' नावाची त्रयी आली होती: 'मूनलाइट सीक्रेट्स', 'मिडनाइट गेम्स', 'डार्केस्ट डॉन'. ती मात्र ओळीने.

चित्रपट आधी बघितले आहेत. पुस्तकांची मजा जाईल का?

नाही जाणार, कारण कथा जवळजवळ पूर्ण वेगळ्या आहेत. नेटफ्लिक्सवरची त्रयी २०२१ च्या जुलैमध्ये २, ९ आणि १६ तारखेला आली. दिग्दर्शिका ली जेनियाक. भागांची नावं १९९४, १९७८ आणि १६६६, आणि बघायचीही याच क्रमाने: आधी अलीकडचा काळ, मग मागे मागे. शापाचं मूळ शेवटी उलगडायचं हीच त्यांची रचना आहे. सेगा उशिरा वाचा असं मी वर म्हटलं, त्यामागचं कारण चित्रपटांत डोळ्यांनी दिसतं.

चित्रपटांतली सारा आणि पुस्तकांतली सारा यांची गल्लत करू नका. नाव ओळखीचं वाटलं तरी गोष्ट निराळी. शिवाय चित्रपट प्रौढांसाठीच्या दर्जाचे आहेत आणि त्यांत हिंसा पुस्तकांपेक्षा बरीच उघडी आहे. पुस्तक चाललं म्हणून चित्रपट चालेल असं धरून बारा-तेरा वर्षांच्या मुलासमोर लावू नका. २०२५ मध्ये आलेला 'प्रॉम क्वीन' हा वेगळा चित्रपट. तो मूळ मालिकेतल्या पंधराव्या पुस्तकावरून घेतला आहे. पुस्तक आधी वाचलेलं बरं.

एका पुस्तकातली पात्रं दुसऱ्यात येतात का?

येतात, पण ओझरती. कोरी ब्रूक्स, लिसा ब्लूम, सुकी थॉमस ही नावं शाळेच्या वऱ्हांड्यात किंवा एखाद्या पार्टीत कानावर पडतात. त्यांची मागची कथा माहीत असेल तर हसू येतं, माहीत नसेल तर काही चुकत नाही. सगळ्या पुस्तकांचं मिळून एकच कॅलेंडर बनवायचा प्रयत्न करू नका. वर्षं उलटतात, पुस्तकं येत राहतात, आणि शाळेतली मुलं त्याच वयाची राहतात. मालिका तशीच रचलेली आहे.

कितव्या वर्षी वाचायला द्यावी?

साधारण बारा-तेराच्या पुढे. या पुस्तकांत मुलं मरतात, खून होतात, आणि प्रत्येक वेळी शेवट गोड नसतो. फार तपशीलवार वर्णन नसतं, पण एखादा प्रसंग डोक्यात राहतो. ज्या मुलाला रात्री झोपेचा त्रास होतो त्याला दिवसा वाचायला सांगा. आणि पालकांना एक विनंती: मूल वाचत असेल तर एखादं पुस्तक तुम्हीही वाचा. 'हे कसलं वाचतोस' म्हणण्यापेक्षा 'तुला कुणावर संशय होता?' असं विचारलंत तर ते भरभरून बोलेल.

'गूजबम्प्स' आणि ही मालिका एकच आहे का? तिचा क्रम काय?

लेखक तोच, मालिका वेगळी. 'गूजबम्प्स' १९९२ मध्ये सुरू झाली, साधारण आठ ते बारा वयासाठी. मूळ ६२ पुस्तकं १९९७ च्या अखेरपर्यंत आली. तिथेही नियम हाच: बहुतेक पुस्तकं सुटी, मध्ये साखळ्या. 'मॉन्स्टर ब्लड'चे चार भाग तिसऱ्या, अठराव्या, एकोणतिसाव्या आणि बासष्टाव्या क्रमांकावर विखुरलेले आहेत. बोलक्या बाहुल्याच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डमी'चे तीन भाग सातव्या, एकतिसाव्या आणि चाळिसाव्या क्रमांकावर. अपवाद २००८ च्या 'हॉररलँड' या उपमालिकेचा. तिची पहिली बारा पुस्तकं मागे चालणाऱ्या एका सामाईक कथेने जोडलेली आहेत, म्हणून ती ओळीनेच. 'गूजबम्प्स' संपवून मोठं झालेलं मूल 'फिअर स्ट्रीट'कडे सहज वळतं. उलट दिशेने जाणाऱ्याला मात्र ती पोरकट वाटण्याची शक्यता आहे.

सगळी पुस्तकं स्टाइन यांनीच लिहिली आहेत?

नाही. उपमालिकांतली, विशेषतः 'घोस्ट्स' आणि 'सेगाज' मधली बरीच पुस्तकं इतर लेखकांनी लिहिलेली आहेत, मुखपृष्ठावर नाव स्टाइन यांचं असलं तरी. मूळ मालिका आधी वाचा असं सांगण्याचं हेही एक कारण.

इंग्रजी कितपत अवघड आहे?

सोपं आहे. वाक्यं छोटी, संवाद भरपूर, प्रकरणं आठ-दहा पानांची. प्रकरणाचा शेवट बघण्यासारखा असतो: दारामागे पावलं वाजतात, खांद्यावर हात पडतो, आणि प्रकरण तिथेच तुटतं. पुढचं पान उलटलं की कधी तो मित्राचाच हात निघतो. दोन-तीनदा असं झाल्यावर वाचक सैल पडतो, आणि नेमक्या त्या वेळी हात मित्राचा नसतो. इंग्रजी वाचनाची सवय लावायची असेल तर ही युक्ती फार कामी येते, कारण शब्द अडला तरी पुढे काय झालं हे कळल्याशिवाय पुस्तक ठेववत नाही.

चुकून दुसरा भाग आधी वाचला. आता पहिला वाचू का?

वाचा, पण लगेच नको. काही महिने जाऊ द्या, तपशील पुसट होऊ द्या. एका जोडीबद्दल मात्र वेगळं सांगते. 'द बेस्ट फ्रेंड'चा शेवट अनेक वाचकांना अन्यायाचा वाटला होता. चांगल्या मुलीच्या वाट्याला जे येतं ते त्यांना सोसवलं नाही आणि पुढचा भाग लिहा म्हणून लेखकाकडे मागणी होत राहिली. पहिलं १९९२ चं, दुसरं आलं १९९७ मध्ये. दुसरा भाग आधी वाचला असेल तर ती चीड तुमच्या वाट्याला येणार नाही. तरीही पहिला वाचा. ती गोष्ट रहस्यापेक्षा नात्याची आहे: हनी नावाची मुलगी बेकाच्या आयुष्यात शिरते, आपण लहानपणापासूनच्या जिवलग मैत्रिणी आहोत असं सांगते, आणि मग हळूहळू बेकासारखीच होत जाते. पुढचं ठाऊक असतानाही ते वाचताना अंगावर येतं.

हातात आलेलं पुस्तक साखळीतलं आहे का, हे कसं ओळखायचं?

नावापाशी आकडा आहे का बघा. 'फर्स्ट', 'सेकंड', 'बिगिनिंग', 'कन्क्लूजन' असे शब्द आहेत का बघा. मुखपृष्ठावर मालिकेच्या नावाखाली आणखी एखादं नाव छापलेलं असेल तर बहुधा ती उपमालिका. मग आतल्या पानावरचं प्रथम प्रकाशनाचं वर्ष बघा. नव्या छपाईचं वर्ष नाही, पहिल्या प्रकाशनाचं. एकाच उपमालिकेतली पुस्तकं त्या वर्षाप्रमाणे लावली की क्रम जुळतो. मागच्या बाजूचा मजकूर मात्र दुसऱ्या भागाचा असेल तर वाचू नका, तिथे पहिल्याचा शेवट अर्धा सांगितलेला असतो. पुस्तकाच्या शेवटी पुढच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण छापलेलं असलं तर तेही सोडून द्या.

काही त्रयी एकाच जाड खंडात पुन्हा छापल्या गेल्या आहेत. असा खंड मिळाला तर क्रमाची काळजीच मिटते.

साखळीतला एखादा भाग मिळतच नसेल तर?

जुन्या प्रतींच्या बाबतीत हे घडतं. पहिला भाग नसेल तर थांबा, दुसरी साखळी घ्या. तोवर सुटी पुस्तकं आहेतच. मधला नसेल तर '९९ फिअर स्ट्रीट' सारख्या कथेत तिसऱ्या भागाकडे जाता येतं, कारण दुसऱ्यातलं कुटुंब वेगळं आहे आणि घराबद्दलचं आवश्यक तेवढं तिसऱ्यात पुन्हा सांगितलं जातं. 'चीअरलीडर्स' आणि 'सेगा'मध्ये मधला भाग गाळून चालत नाही. 'सीनियर्स'मधलं एखादं हुकलं तर पुढच्या पुस्तकाच्या सुरुवातीला कोण कुणाबद्दल बोलतंय आणि कुणाचं नाव टाळतंय ते लक्ष देऊन वाचा, आणि हुकलेलं मिळालं की तिथेच थांबून आधी ते संपवा.